पाडव्याआधीचा ताळेबंद : घरच्या ए.सी.ची उन्हाळी तयारी

बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. या काळात ३१ मार्चचा ताळेबंद कधी एक दिवसही उशिरा गेला नाही, याचा मला थोडा अभिमान होता. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस तो उतरला.

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आईच्या खोलीतील ए.सी. गार हवा देईनासा झाला. पंखा फिरत होता, रिमोटवर आकडा दिसत होता, पण हवा मात्र कोमट. आईचे वय तेव्हा शहाऐंशी. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला, तर "चार दिवसांनी माणूस येईल, सध्या तक्रारी फार आहेत" असे उत्तर मिळाले. मग कोणाच्या तरी ओळखीने एक मेकॅनिक आला. त्याने दहा मिनिटांत "गॅस कमी झालाय" असे निदान केले, गॅस भरला, दोन हजार आठशे रुपये घेतले आणि तो गेला. दोन आठवड्यांनी पुन्हा तीच अवस्था.

पैशांचे दुःख मोठे नव्हते. मेकॅनिक मिळेपर्यंतचे जे दोन दिवस गेले, त्यांत आईची प्रकृती बिघडली. ती सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा नियम. दिवसाही "तहानच नाही रे" म्हणून पेला तसाच ठेवून द्यायची. दुसऱ्या रात्री खोली तापलेली राहिली आणि पहाटे उठताना तिला भोवळ आली. दोन दिवस रुग्णालयात सलाईन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, "उतारवयात तहानेची जाणीव कमी होते, त्यांनी मागितले नाही म्हणून पाणी दिले नाही, असे करू नका."

आई बरी होऊन घरी आली. मी ए.सी.ची झडप उघडून पाहिली, तेव्हा जाळी धुळीने इतकी भरलेली होती की उजेडासमोर धरली तरी पलीकडचे दिसेना. आधीच्या दिवाळीनंतर ती कोणी काढलीच नव्हती. आमच्या बंधूंच्या पेढीवरील ए.सी. मात्र दर तीन महिन्यांनी धुतला जातो, कारण तेथे ग्राहक बसतात. दुकानातील यंत्राची देखभाल वेळेवर आणि घरातील यंत्राची "बघू पुढच्या आठवड्यात", हे चित्र आपल्या पुष्कळ व्यापारी कुटुंबांत दिसते. म्हणून वर्षभरात या विषयाची जी माहिती मी करून घेतली आणि यंदा जे प्रत्यक्ष केले, ते वाचकांसमोर ठेवीत आहे.

यंत्र नेमके काय करते?

ए.सी. थंडी निर्माण करतो, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वस्तुतः तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटमधील नळ्यांच्या जाळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, गॅस खोलीची उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर त्या गॅसवर दाब देतो आणि बाहेरच्या कॉइलमधून ती उष्णता हवेत सोडली जाते. हे चक्र बंदिस्त असते.

'दीड टन' हा शब्द आपण खरेदीच्या वेळी वापरतो. हे यंत्राचे वजन नव्हे. बर्फाच्या व्यवसायातून आलेले हे माप आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता ओढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. दीड टनाचे यंत्र याप्रमाणे पाच किलोवॉटहून अधिक उष्णता ओढते आणि स्वतःला लागलेल्या विजेची उष्णताही त्यात मिळवून सगळी बाहेर टाकते. इतकी उष्णता बाहेर पडण्यास वाट मोकळी हवी आणि आतल्या कॉइलवरून खोलीची हवा विनाअडथळा फिरायला हवी. देखभालीचे निम्मे शास्त्र या दोन गोष्टींत सामावले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती माणसांच्या गारव्यासाठी नव्हतीच. दमट हवेने कागद फुगत असे आणि रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसत नसे. हवेतील ओलावा काढणे, हे या यंत्राचे मूळचे काम. ते आजही चालू आहे. आतल्या युनिटमधून बाहेर जाणारी पाण्याची नळी त्याचीच साक्ष. ही नळी तुंबली की भिंतीवर ओघळ येतात.

घरच्या घरी करण्याची कामे

कोणतेही काम करण्यापूर्वी रिमोटने यंत्र बंद करून थांबू नये, ए.सी.चा एम.सी.बी. खाली करावा. रिमोटने बंद केलेल्या यंत्रात वीज असतेच.

पहिले काम जाळीचे. आतल्या युनिटची पुढची झडप वर उचलली की फिल्टरच्या दोन जाळ्या हाताने निघतात. त्या उलट्या बाजूने साध्या पाण्याच्या धारेखाली धुवाव्यात. तेलकट चिकटा असल्यास सौम्य साबण चालतो. उकळते पाणी वा कडक ब्रश नको, जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवाव्यात. ओली जाळी बसवली तर बुरशीला निमंत्रणच. हंगामात दर पंधरा दिवसांनी हे करावे. ज्यांचे घर दुकानाच्या वर आहे, त्यांनी आपल्या मालाचा विचार करावा. कापडाच्या दुकानातील सूत, धान्य-मसाल्याच्या दुकानातील भुकटी यांनी जाळी फार लवकर भरते. तेथे आठवड्यालाच पाहावे.

जाळीच्या मागे दिसणारी कॉइलची पातळ पत्र्यांची रांग मात्र आपण खरवडू नये. ते पत्रे बोटाच्या दाबानेही मुडपतात आणि त्यांची धार हाताला कापते. मऊ ब्रशने वरची धूळ वरून खाली अलगद झाडावी. बाकीचे मेकॅनिकवर सोपवावे.

दुसरे काम पाण्याच्या नळीचे. नळीला सर्वत्र उतार आहे ना, मध्ये पोट सुटलेले नाही ना, तिचे तोंड बादलीतील पाण्यात बुडालेले नाही ना, हे पाहावे. नळीत हिवाळ्यात कोळी-कीटक घर करतात. आतल्या ताटलीत मेकॅनिकने एक तांब्या पाणी ओतून ते बाहेर नीट पडते का, हे आपल्यादेखत दाखवावे. या नळीचे पाणी पिण्यास अयोग्य असते, पण फरशी पुसण्यास किंवा बागेला चालते. उन्हाळ्यात ते वाया का घालवावे?

तिसरे काम खोलीचे. दाराखालची फट, खिडकीची न लागणारी काच, छताच्या कडेची भेग यांतून गार हवा जाते आणि तापलेली आत येते. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा किंवा बाहेरून चिकाची चटई लावली, तर यंत्राचे काम हलके होते. हा खर्च एकदाच असतो.

तार, प्लग आणि अर्थिंग

उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात जळण्याचा वास येतो, तो अनेकदा यंत्राचा नसून प्लगचा असतो. दीड टनाचे यंत्र तासन् तास मोठा विद्युतप्रवाह ओढते. पिना सैल असतील, तर तेथे उष्णता साठते. म्हणून प्लग काढून पाहावा. पिनांजवळ पिवळट-तपकिरी डाग किंवा वितळल्याची खूण दिसली, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलून उपयोग होत नाही.

ए.सी.ला मीटरपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एम.सी.बी. असावा. दीड टनासाठी साधारणतः चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. जुन्या वाड्यांत पंखा-दिव्यांच्या बारीक तारेवर ए.सी. जोडलेला दिसतो, तो केवळ नशिबाने चाललेला असतो. एक्स्टेन्शन बोर्डावर ए.सी. कदापि चालवू नये. अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर दिसतो, म्हणून अर्थिंग असेलच असे नाही.

व्होल्टेज वरखाली होण्याचा त्रास आपल्या भागात असेल, तर स्टॅबिलायझरचा विचार करावा. अनेक इन्व्हर्टर यंत्रे विस्तृत व्होल्टेजवर चालतात. ती मर्यादा माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती वाचून मगच निर्णय घ्यावा. वीज जाऊन आली, तर यंत्र तीन-चार मिनिटे थांबून सुरू होऊ द्यावे. गॅसचा दाब समतोल होण्यास तेवढा वेळ लागतो.

'गॅस भरावा लागेल'

या तीन शब्दांवर गेल्या वर्षी मी फसलो. ए.सी.मधील गॅस हा स्कूटरमधील पेट्रोलसारखा वापराने संपत नाही. चक्र बंदिस्त असते, हे वर सांगितले. गॅस कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहेच. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दुसरे असे की, गारवा कमी मिळण्याचे कारण गॅसच असेल असे नाही. जाळी तुंबली, बाहेरचे युनिट धुळीने माखले, पंख्याचा कपॅसिटर अशक्त झाला, तरी हवा कोमटच येते. आतल्या कॉइलवर बर्फ धरणे हे गॅस कमी असल्याचेही लक्षण आहे आणि तुंबलेल्या जाळीचेही. त्यामुळे आधी धुलाई, मग मोजमाप आणि शेवटी गॅसचा विचार, हा क्रम सोडू नये. आमच्याकडे पुढे एका जाणत्या मेकॅनिकने पाहिले, तेव्हा बाहेरच्या युनिटपाशी तांब्याच्या नळीच्या नटावर तेलाचा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल थोडे थोडे झिरपते, तो गळतीचा खुणेचा दगड. पहिल्याने तो पाहिलाच नव्हता.

गळती दुरुस्तीचे योग्य काम असे होते : नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधणे, जोड दुरुस्त करणे, निर्वात पंपाने आतील हवा आणि ओलावा काढून टाकणे, आणि मग यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे काट्यावर मोजून गॅस भरणे. आपण व्यापारी माणसे काट्याला मान देतो. मेकॅनिककडे वजनकाटा आणि निर्वात पंप आहे का, एवढे दोन प्रश्न दारातच विचारावेत.

गॅस कोणता, हेही त्याच पट्टीवर लिहिलेले असते. जुन्या यंत्रांत आर-२२ असे. ओझोनच्या थराला तो अपायकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे. त्यानंतरच्या यंत्रांत आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० आढळतो. यांपैकी आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० हा प्रत्यक्षात प्रोपेन असल्याने चांगलाच ज्वलनशील. आत गॅस असताना नळीला ज्योत लावून जोड देणे धोक्याचे असते. एका यंत्राच्या गॅसऐवजी "हाही चालतो" म्हणून दुसरा भरू देऊ नये.

सोन्या-चांदीच्या कारखान्याजवळ किंवा उघड्या गटाराजवळ बाहेरचे युनिट असल्यास तांब्याच्या नळ्या लवकर खराब होतात. आम्लाच्या वाफा आणि गटारातील वायू तांबे खातात. वारंवार गळती होत असेल, तर गॅसवर खर्च करीत राहण्यापेक्षा युनिटची जागा बदलणे स्वस्त पडते.

मेकॅनिकची पावती

धुलाई झाल्यावर यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवून आपल्यासमोर मोजमाप करून घ्यावे. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजता येते. साधारण आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर यंत्र ठीक समजावे. मेकॅनिक क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजतो, तो आकडा यंत्राच्या पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावा. दोन्ही आकडे तारखेसह पावतीवर लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षी तुलनेला ते उपयोगी पडतात. बँकेत आम्ही मागील वर्षाच्या आकड्याशेजारीच चालू वर्षाचा आकडा लिहीत असू, त्यामागे हेच कारण.

वार्षिक देखभाल करार करताना 'सर्वसमावेशक' आणि 'साधा' यांतील भेद वाचावा. साध्या करारात धुलाई आणि तपासणी असते, सुटे भाग व गॅस नसतो. सर्वसमावेशक करारात सुटे भाग येतात, परंतु गॅस, पी.सी.बी. किंवा कॉइल वगळलेली असू शकते. वगळलेल्या बाबींचा परिच्छेद बारीक अक्षरांत असतो. सही करण्यापूर्वी तोच आधी वाचावा. कॉम्प्रेसरची हमी दहा वर्षांची असली, तरी तिच्यात इतर भाग आणि मजुरी येतातच असे नाही.

विजेचा हिशोब

आता खर्चाचे गणित पाहू. आकडे सोयीसाठी धरले आहेत. आपापल्या बिलाप्रमाणे बदलून घ्यावेत. यंत्र ताशी सरासरी एक युनिट घेते, रोज आठ तास चालते आणि हंगाम नव्वद दिवसांचा आहे असे धरले, तर ७२० युनिट होतात. अस्वच्छतेमुळे वापर दहा टक्क्यांनी वाढला असे मानले, तरी ७२ युनिट जादा. शेवटच्या टप्प्याचा दर बारा रुपये धरला, तर ८६४ रुपये. आमच्याकडे यंदाच्या पूर्ण धुलाईचे सहाशे रुपये लागले.

येथे एक बारकावा आहे. महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याचा वापर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांत मोडतो आणि वरच्या टप्प्याला दर चढा असतो. दिवे, पंखे, फ्रीज यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. ए.सी.चा युनिट म्हणूनच सर्वांत महाग दराने पडतो आणि तो वाचला, तर बचतही महाग दरानेच होते.

रिमोटवरील आकड्याचेही तसेच. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-ए.सी. सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. आपणच तो आकडा १८ वर नेतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा साधारण साध्या यंत्रांबाबतचा गैरसमज आहे; ते यंत्र गार हवा त्याच वेगाने देते, फक्त थांबत नाही. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो. २५-२६ अंश आणि जोडीला मंद पंखा, ही बहुतेकांना सुखावह जुळणी आहे. यंत्रावरील तारांकनात छापलेला वार्षिक वीजवापर १६०० तासांच्या हिशोबाने काढलेला असतो. आपले यंत्र त्याहून अधिक तास चालत असेल, तर बिल त्या प्रमाणात वाढणार, हे खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यावे.

वृद्धांच्या खोलीसाठी

घरात ज्येष्ठ मंडळी असतील, तर त्यांच्या खोलीचे यंत्र सर्वांत आधी तयार करावे. झोत थेट पलंगावर येऊ नये. पाती वरच्या दिशेला ठेवावीत. रात्री 'स्लीप' बटण वापरल्यास तापमान हळूहळू वाढत जाते आणि पहाटे गारठा बाधत नाही. यंत्र बंद पडले, तर त्यांना कोणत्या खोलीत हलवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांच्या बाबतीत दिवसाचा प्रत्येक पेला मोलाचा असतो. आमच्याकडे आता स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर सौभाग्यवती आईच्या पाण्याच्या पेल्यांच्या रेघा ओढतात. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उन्हाळ्यात वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग तापले आणि गुंगी आली, तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी शिंपडून वारा घालीत तातडीने रुग्णालयात न्यावे. उद्यापर्यंत वाट पाहू नये.

बाहेरच्या युनिटवरील पाहुणे

बाहेरचे युनिट मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण यंदाची गोष्ट तेथेच घडली.

गेल्या वर्षीचा धडा घेऊन यंदा २६ जानेवारीच्या सुट्टीतच मेकॅनिकला बोलावले. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. बाहेरच्या युनिटला मोकळी जागा हवी, समोर कपडे वा खोकी नकोत, गंजलेला कोन आणि सैल नट तपासावेत, हिवाळ्यात घातलेले आच्छादन काढावे, अशी यादी मी वाचीत होतो. तो मेकॅनिक युनिटच्या मागे वाकला आणि म्हणाला, "काका, कबुतराचं घरटं आहे. दोन अंडी आहेत. काढून टाकू का?"

माझ्या आधी आईच बोलली. "नको रे बाळा. अजून थंडी आहे. आम्हाला घाई कुठे आहे?"

कबुतराची अंडी उबवण्यास साधारण सतरा ते एकोणीस दिवस लागतात आणि त्यानंतर पिल्ले उडून जाण्यास आणखी महिनाभर. म्हणजे सगळे मिळून सुमारे सात आठवडे. आम्ही आतल्या युनिटची धुलाई, नळी आणि प्लगचे काम त्याच दिवशी उरकले. बाहेरचे युनिट सुरू केले नाही. मेकॅनिकला मार्चची तारीख दिली. त्याने ती वहीत लिहून घेतली आणि जाताना आईच्या पाया पडून गेला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पिल्ले उडाली. दोन दिवस घरटे रिकामे असल्याची खात्री करून मेकॅनिकला बोलावले. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपाय करते, म्हणून नाकातोंडाला मास्क लावून आणि आधी पाणी शिंपडून ती काढली. मग युनिट कमी दाबाच्या पाण्याने धुतले. जोराच्या फवाऱ्याने पत्रे मुडपतात आणि विजेच्या भागात पाणी जाते, हे तो जाणून होता. शेवटी मागच्या बाजूच्या फटीला हवा अडणार नाही अशी रुंद जाळी बसवली, म्हणजे पुढच्या वर्षी तेथे घरटेच होणार नाही. पाली पी.सी.बी.च्या खोक्यात शिरून विजेच्या धक्क्याने मरतात आणि यंत्रही बिघडते. त्या खोक्याची तारेची भोकेही त्याने बुजवून दिली.

मी आईजवळ बसून विचार केला. हेच घरटे एप्रिलच्या अखेरीस सापडले असते, खोली तापलेली असती, आईला भोवळ येत असती, तर मी काय केले असते? मला प्रामाणिक उत्तर देता आले नाही. जीवदया सगळ्यांनाच हवी असते. ती पाळायला हाताशी दिवस लागतात आणि ते आपणच आधी राखून ठेवायचे असतात.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच. प्रजासत्ताक दिनी पाहणी, होळीपर्यंत आतले काम आणि पाडव्याआधी बाहेरचे, असा क्रम कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावा. हंगाम संपल्यावर यंत्र केवळ पंख्यावर तीन-चार तास चालवून आतला ओलावा वाळवावा, जाळी धुऊन ठेवावी आणि एम.सी.बी. बंद करावा; ओल राहिली नाही, तर बुरशीही धरत नाही. नव्या हिशोबाच्या वह्या आपण मुहूर्तावर उघडतो. घरातील ज्येष्ठांच्या खोलीतील झडप त्याआधी एकदा उघडून पाहावी.

आईच्या खोलीत आज दुपारी २६ अंशांवर यंत्र चालू आहे. कॅलेंडरवर आतापर्यंत सहा रेघा झाल्या आहेत.